घाट उतरतानाचं गाणं

कॅसेटकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली तर ते वळूनसुद्धा बघत नाहीत. स्टँडवर, मालकाच्या ऑफिसात, पेट्रोल पंपावर, सगळीकडे ते कॅसेटकाकाच. आयुष्य मिनीबसच्या स्टेअरिंगवर गेलं, पण गाडी चालवणारे पुष्कळ असतात. काकांचं नाव झालं ते गाण्यांमुळे. मोठी ट्रिप संपली की त्या ट्रिपमध्ये गाडीत वाजलेली सगळी गाणी, ज्या क्रमाने वाजली त्याच क्रमाने, ते एका कॅसेटवर उतरवून घ्यायचे. पुढे कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, सीड्याही गेल्या आणि पेन ड्राइव्ह आले. काकांनी कुणालाच नाही म्हटलं नाही, पण लोकांच्या तोंडी बसलेलं नाव काही बदललं नाही.

हा उद्योग कशासाठी, असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार असे. "फोटोत काय दिसतं? माणसं दात काढून उभी असलेली दिसतात. रस्ता कुठे दिसतो?" काकांचा रस्ता गाण्यांत असे. अंतरसुद्धा ते गाण्यांत मोजत. धरण किती लांब राहिलं, असं मागून कुणी विचारलं तर "दोन गाणी आणि एक कडवं" असं सांगत, आणि खरोखरच ते कडवं संपता संपता धरणाची भिंत समोर येई. घरी जुनी कॅसेट लावून, डोळे मिटून त्यांचा प्रवास सुरू व्हायचा. "आता डावीकडे वीटभट्टी. आता उतार लागला. आता तो मेला खड्डा, धरा!" आणि शिलाई मशीनवर बसलेल्या काकू खरंच मशीन घट्ट धरत, मग स्वतःवरच चिडत.

काकांना गर्व म्हणाल तर दोन गोष्टींचा. एक, कुठल्याही ट्रिपमधलं कुठलंही गाणं ते विसरलेले नाहीत. आणि दुसरी, स्टेअरिंगवर त्यांना कधी डुलकी लागली नाही. ही दुसरी गोष्ट ते तरुण ड्रायव्हरांना इतक्या वेळा ऐकवत की पोरं त्यांना बघून मुद्दाम जांभया देत. पण स्टँडवरचा एक नियम काकांनी घातलेला होता आणि तो सगळे मुकाट पाळत. गाडी चालवताना ज्याचा डोळा लागला, त्याने कुणी विचारायची वाट न बघता आपली किल्ली स्वतःच्या हाताने मालकाच्या टेबलावर ठेवायची. डॉक्टर हो म्हणेपर्यंत ती उचलायची नाही. एका पोराने लपवलं होतं, तेव्हा काकांनी त्याला भर स्टँडवर असं काही झापलं होतं की तो धंदा सोडून भाजी विकायला बसला.

काकूंचं सगळं याच्या उलट. त्या घरी शाळेचे गणवेश शिवतात. गाडी म्हटलं की त्यांच्या पोटात ढवळतं, म्हणून नवरा ड्रायव्हर असून त्यांनी जग पाहिलं ते कॅसेटवरच. आणि गाण्याचं म्हणाल तर मशीन चालू असताना त्या एक जुनं गाणं गुणगुणतात, तेही मशीनच्या आवाजाच्या आडून. दाराशी पाऊल वाजलं की गाणं बंद. "आमच्याकडे मशीन गातं," असं काका पाहुण्यांना सांगत, आणि काकूंचे कान लाल होत. एवढ्या वर्षांत त्या कुणासमोर म्हणून गायल्या नव्हत्या.

यंदा हंगाम संपल्यावर मालकाने काकांना मिनीबस दिली आणि म्हणाला, "काका, एकदा घरच्यांना घेऊन जा कुठेतरी." मग काय, लेक, जावई, नात, काकूंची बहीण, तिची माणसं, सगळ्यांना भरून काका डोंगरापलीकडच्या समुद्रावर गेले. नातीला घरात सगळे टकळी म्हणतात, कारण ती झोपेतसुद्धा बोलते. काकू ड्रायव्हरच्या सीटच्या बरोबर मागे, लिंबू नाकाशी धरून, समोरच्या आरशावर नजर लावून बसलेल्या. पोट ढवळू नये म्हणून कुठे तरी एका जागी बघत राहायचं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. दोन दिवस समुद्रात डुंबून, उन्हाने काळीठिक्कर पडून मंडळी परत आली. सहल छान झाली, असं सगळ्यांचं मत पडलं.

रविवारी लेकीचा फोन आला. "बाबा, आपल्या ट्रिपची गाणी करताय ना? मला एक पेन ड्राइव्ह हवा हं. आणि आईचं गाणं घालायला विसरू नका. मी फोनवर रेकॉर्ड केलंय, पाठवते."

"घालतो की," काका म्हणाले. आईचं गाणं म्हणजे आईच्या आवडीचं एखादं असेल, असा त्यांचा समज झाला. फोन ठेवून ते खुर्चीत बसले.

खोली तशी एकच, पण काकांनी तिचे दोन भाग पाडले आहेत. खिडकीकडचा भाग काकूंच्या मशीनचा, तिथे निळ्या कापडाचा ढीग. भिंतीकडचा भाग काकांचा. तिथे जावयाने दिलेला जुना कॉम्प्युटर आणि बुटांच्या खोक्यांत लावून ठेवलेल्या कॅसेटी. त्या दिवशी काकू बाजारात गेल्या होत्या. काकांनी डोळे मिटले आणि नेहमीप्रमाणे मनातल्या मनात गाडी काढली.

जातानाची गाणी भराभर सापडली. मग परतीची. समुद्रावरून निघतानाचं ते ढोलकीचं, मग मेव्हणीच्या फर्माइशीची ओळीने तीन रडकी गाणी, मग घाटमाथ्यावर चहाला थांबले तेव्हाचं. चहानंतर बासरीचं गाणं लावलं, त्यावर पहिली वळणं. बोगद्यात जावयाने मागितलेलं धांगडधिंग्याचं. बोगद्यातून बाहेर आल्यावर जुनं द्वंद्वगीत, त्यावर शेवटचं मोठं वळण. वळण संपलं की तो लांबलचक सरळ उतार लागतो, डावीकडे दरी आणि दरीच्या काठाने गुडघ्याएवढा दगडी कठडा. आणि मग उताराच्या पायथ्याशी चौकी. चौकीपाशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. घाट सुखरूप उतरवला म्हणून आपल्यालाच टाळ्या पडतायत, हे ओळखून काकांनी हातसुद्धा हलवला होता.

द्वंद्वगीत आणि टाळ्या, यांच्या मध्ये काय वाजलं?

काका पुन्हा घाटमाथ्यावर गेले. पुन्हा चहा, बासरी, बोगदा, वळण. वळणावर गाण्यातल्या बाईचा आवाज लागतो, तिथपर्यंत सगळं लख्ख. पुढे एकदम टाळ्या. उतार कुठेच नाही. कठडा नाही, समोरून आलेली गाडी नाही, गिअर टाकल्याचं आठवत नाही. काकांना हसू आलं, वय झालं म्हणायचं, असं ते स्वतःशी म्हणाले, आणि पुन्हा एकदा बोगद्यापासून निघाले. पुन्हा वळण, पुन्हा टाळ्या. आता मात्र हसू आलं नाही.

लेकीने पाठवलेलं गाणं एव्हाना आलं होतं. काकांनी ते लावलं.

आधी टकळीचा आवाज. "आजी गाणार! सगळे गप्प बसा, आजी गाणार!" मग जावई म्हणतो, "थांबा, मी डेक बंद करतो." डेक ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी असतो. म्हणजे जावई मागून वाकून त्यांच्या खांद्यावरून पुढे आला होता, त्यांच्या हाताशी डेक बंद करून गेला होता. यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

मग काकू गाऊ लागल्या. मशीनवरचं ते जुनं गाणं. आवाज हलका, कोरडा, घाबरलेला, दोन ठिकाणी सूर सुटलेला. गाडीत सगळे गप्प. पहिलं कडवं अर्ध्यावर आलं आणि गाण्याच्या खालून एक आवाज सुरू झाला. खर्रर्रर्र.

"काय रस्ता केलाय!" जावई म्हणाला आणि कुणीतरी हसलं.

काका हसणाऱ्यांतले नव्हते. रस्ता तिथे लोण्यासारखा आहे. तो आवाज कशाचा, ते गाडीतल्या कुणाला नाही तरी काकांना कळत होतं. डांबर संपतं त्या कडेला आडव्या उंच पट्ट्या मारलेल्या असतात. चाक त्यांच्यावर गेलं की गाडी थरथरते, बेसावध ड्रायव्हरला हादरा बसावा म्हणून. पट्ट्यांच्या पलीकडे हातभर खडी, मग तो गुडघ्याएवढा कठडा, आणि कठड्यापलीकडे काहीच नाही. आवाज चालूच होता. खर्रर्रर्र. तेवढ्यात काकूंचा आवाज एकदम चढला, गाणं सोडून जवळजवळ ओरडण्याइतका. शब्द चुकले, मधली ओळच गळाली, तरी त्या थांबल्या नाहीत. आणि मग पट्ट्यांचा आवाज थांबला. गाडी रस्त्यावर परत आली होती. काकू शेवटपर्यंत गायल्या, टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांवर काकांचा स्वतःचा आवाज आला, चांगला खणखणीत. "थँक्यू, थँक्यू! पुन्हा सेवेची संधी द्या!" त्यावर सगळे खो खो हसले.

टाळ्या काकूंना होत्या आणि आभार काकांनी मानले होते. लोकांना वाटलं, काका नेहमीसारखी चेष्टा करतायत.

लेक त्या गाडीत होती. नात होती. ती मागे बडबडत होती आणि आजोबा तिला घेऊन दरीकडे निघाले होते. त्यांनी गाणं पुन्हा लावलं नाही. जिन्यात काकूंची पावलं वाजली तशी त्यांनी घाईघाईने कॉम्प्युटरच बंद करून टाकला, चोरी करताना सापडल्यासारखा.

"झाली का गाणी?" काकूंनी पिशवी ठेवत विचारलं.

"होतायत," काका म्हणाले.

आता खरं तर काकांचा नियम काकांनाच लागू होत होता. किल्ली टेबलावर. पण दुसऱ्याला झापणं वेगळं आणि आपल्या हाताने किल्ली ठेवणं वेगळं. गाडी सोडली तर आपण कोण, या प्रश्नाशी काका आले की त्यांना दरीपेक्षाही त्या रिकाम्या खुर्चीची भीती वाटे. आणि तेवढ्यानेही भागत नव्हतं. येत्या शनिवारी टकळीच्या वर्गाची सहल होती, त्याच घाटातून, आणि गाडी काकांची ठरलेली. "आमचे आजोबा चालवणार आहेत, आणि ते कधीच झोपत नाहीत," असं टकळीने सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. बाईंनीही म्हणे खास काकाच हवेत म्हणून सांगितलं.

आपल्याला एकदाच झालं असेल, उन्हामुळे, समुद्रावरच्या दगदगीमुळे, असं काकांनी स्वतःला समजावलं. खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी एक परीक्षा ठरवली. आठवडाभर कारखान्यातल्या बायकांना शिफ्टला सोडायची खेप होती. जाताना गाणी लावायची आणि बायका उतरल्या की गाडीत बसून ती क्रमाने आठवायची. एकही गळलं नाही तर काका पास.

नेमक्या त्याच आठवड्यात काकूंच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. सोमवारी त्या डबा घेऊन स्टँडवर हजर झाल्या आणि सरळ गाडीत चढून काकांच्या मागे बसल्या.

"अगं, कुठे निघालीस?"

"सहज. घरी बसून कंटाळा आला."

"तुला गाडी लागते."

"लिंबू आणलंय," काकू म्हणाल्या आणि आरशात बघत बसल्या.

स्टँडवर हा हशा पिकला. "काका, पहारा बसला की काय? काही लफडं केलंत का या वयात?" काका पोरांवर खेकसले, पण काकू काही उतरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही आल्या, तिसऱ्याही. चेहरा हिरवट पडलेला, लिंबू नाकाशी, आणि वाटेत मधूनच काहीतरी विचारायच्या. तेही काय, तर, "अहो, घरात मीठ आहे का हो?"

"ते मला विचारतेस?" काका चिडून म्हणाले. गाडीतल्या बायका हसल्या.

त्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी बायका उतरल्या, काकूही तोंडावर पाणी मारायला खाली गेल्या, आणि काकांनी परीक्षा घेतली. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं. तिसऱ्याच्या मध्येच काकूंनी मिठाचं विचारलं होतं, ते आठवलं. पण मिठाच्या आधी तिसरं गाणं जिथे होतं तिथे पुलाजवळचा चढ यायला हवा, आणि चढ कुठे गेला? काकांनी रिकाम्या गाडीत दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरलं. चढ सापडेना. पूल चढून आले होते, मागे कामाला निघालेल्या बायका होत्या, आणि पूल काकांना माहीत नव्हता. आता ऊन नाही, दगदग नाही, म्हणायला काहीच उरलं नाही.

तरीही ते बोलले नाहीत. माणूस घाबरला की शहाण्यासारखं वागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी घाबरलेला माणूस पाहिलेला नाही. काकांनी चहा वाढवला. खिडकी उघडी टाकून, तोंडावर वारा घेत गाडी हाकली. मांडीला चिमटे काढून काढून ती काळीनिळी झाली. डेक लावायचं बंद केलं, कारण आणखी एखादं गाणं हरवलं तर ते कळायलाच नको होतं. घरी आलं की टकळीचा फोन. "आजोबा, मी तुमच्या बरोबर मागे बसणार आहे हं, आजीच्या जागेवर!" काका "हो बाळा" म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर जेवणाचं ताट तसंच सारून उठायचे.

गुरुवारी काकू म्हणाल्या, "शनिवारी मीही येते मुलांबरोबर. बाईंना सांगून ठेवलंय. पोरांना उलट्या होतात, कुणीतरी मोठं माणूस हवं."

"उलट्या तुला होतील."

"होऊ देत," काकू म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी काकांना खेप नव्हती. लेकीचा पुन्हा फोन आला, बाबा, झालं का? एक जागा अडलीय, असं काकांनी सांगितलं आणि ते कॉम्प्युटरसमोर नुसते बसून राहिले. पडद्यावर द्वंद्वगीतापर्यंतची गाणी ओळीने लावलेली, त्याखाली मोकळी जागा. खिडकीशी काकूंचं मशीन चालू होतं, पण त्यातून गाणं येत नव्हतं. ट्रिपवरून आल्यापासून मशीन एकदाही गायलं नाही, हे काकांच्या तेव्हा लक्षात आलं.

"ते गाणं तू का म्हटलंस?" त्यांनी विचारलं.

"कुठलं?"

"घाटात."

"सहज. पोरीने आग्रह केला."

"पोरगी म्हणते, आजीनेच मधेच सांगितलं, मी गाते म्हणून." हे काकांनी ठोकून दिलं होतं. पण काकूंचा पाय मशीनवर थांबला आणि काकांना उत्तर मिळालं.

काकूंनी सुई वर घेतली, कापड बाजूला सारलं, हात मांडीवर ठेवले. "आरशात तुमचे डोळे दिसत होते," त्या म्हणाल्या.

"मिटले होते?"

"नाही हो. उघडे होते. पण त्यात तुम्ही नव्हता."

"आधी वाटलं, मलाच भास होतोय. मग तो दगडी कठडा जवळ जवळ यायला लागला."

"हाक मारायची होतीस! खांदा हलवायचा!"

"आणि दचकला असता म्हणजे? हात जरा इकडचा तिकडे झाला असता तर? डावीकडे काय होतं ते मला दिसत होतं. कॅसेट लावली की तुम्ही नेहमी म्हणता, गाणं सुरू झालं की रस्ता आठवतो. मला दुसरं काही सुचलं नाही. म्हटलं, हळूच सुरू करावं, मग आवाज वाढवावा, म्हणजे तुम्ही हळूहळू याल वर. डेक चालू होता, तो जावयाने बंद केला तेही बरं झालं. पण तुम्ही येईचनात. मग मी ओरडले. शब्दही आठवेनात, नुसती ओरडले."

"ऐकलं मी," काका म्हणाले.

"सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी आरशातच बघत होते. चौकीवर उतरून मी मागच्या बाजूला जाऊन उलटी केली. गाडी लागली म्हणून सांगितलं."

काकांना ते आठवलं. बहिणीने पाणी दिलं होतं आणि काका म्हणाले होते, हिला कधी सवय व्हायची नाही.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? किल्ली टाका म्हणून? तुमच्या हातातली किल्ली मी काढून घेतली, असं झालं असतं. मला ते जमेना. म्हटलं, आपण मागे बसत जाऊ. बोलत राहू. मिठाचं विचारू, साखरेचं विचारू."

"जन्मभर?"

"मग काय करू?"

"अगं, तुला गाडी लागते!"

"लागते म्हणून तर बरं. गाडीत माझा डोळा लागायची सोय नाही," काकू म्हणाल्या. हे विनोदाने म्हटलं नव्हतं, पण काकांना एकदम हसू फुटलं आणि त्या हसण्याच्याच मागून रडू आलं. एवढा मोठा माणूस, बुटांच्या खोक्यांमध्ये बसून पोरासारखा रडला. "पोरं होती माझ्या गाडीत," ते परत परत म्हणत होते. "टकळी होती."

काकू त्यांच्याजवळ आल्या नाहीत, त्या बसल्या जागीच म्हणाल्या, "रात्रीसुद्धा तुम्ही घोरता घोरता मधेच थांबता. श्वासच बंद होतो. मी बसून वाट बघते. परत सुरू झाला की आडवी पडते, तोवर पुन्हा थांबतो. तुम्हाला वाटतं, रात्रभर झोपलात. झोप कुठली? त्या दिवसापासून तर मला आडवं पडायचीही भीती वाटते."

काकांनी डोळे पुसले. मग उठले, खुंटीवरची किल्ली घेतली. मिनीबसच्या किल्लीला टकळीने लावलेला लाकडी मासा होता. तो त्यांनी सोडवला आणि कॉम्प्युटरजवळ ठेवला.

"कुठे निघालात?" काकू घाबरून उभ्या राहिल्या.

"चालत जातोय," काका म्हणाले. "गाडी नाही घेत."

ऑफिसात मालक कुणाशी तरी फोनवर भांडत होता. काकांनी किल्ली टेबलावर ठेवली. मालकाने तिच्याकडे बघितलं, हात हलवून विचारलं, काय? काका तसेच उभे राहिले. फोन संपला तेव्हा मालक हसला. "काका, उद्या सकाळी सहल आहे, आणि आज कसली चेष्टा?"

"डोळा लागला," काका म्हणाले. "दोनदा. आणखीही असेल, मला माहीत नाही. हा रोजचाच प्रकार दिसतोय."

मालकाचं हसणं ओसरलं. तो किल्लीला हात न लावता तिच्याकडे बघत राहिला. बाहेर गाड्या धुणाऱ्या पोरांचा पाण्याचा आवाज थांबला होता. भाजीवाल्या झालेल्या त्या पोराची आठवण त्या घटकेला काकांना झाली आणि मान वर करवेना.

"उद्या दुसऱ्याला पाठवतो," शेवटी मालक म्हणाला. "तुम्ही डॉक्टर गाठा, काका. घोरण्याची, श्वासाची तपासणी असते, माझ्या भावाची केली होती. बरा झाला तो. बघू पुढचं पुढे."

पुढचं काय, हे काकांना कळत नव्हतं. बरे होऊ, न होऊ, किल्ली परत मिळेल, न मिळेल. टकळी रडणार, हे मात्र नक्की. वर्गासमोर तिची फजिती होणार आणि ती आजोबांशी चार दिवस बोलणार नाही. रस्त्याने येताना त्यांचा हात सारखा खिशात जात होता आणि रिकामा बाहेर येत होता. भीती गेली होती असंही नाही. नुसता विचार आला की डावीकडचा तो कठडा समोर येई आणि ते भर बाजारात थबकत. मागून येणारे लोक धक्का देऊन पुढे जात.

ते जिना चढून वर आले तेव्हा खोलीत आवाज नव्हता. काकू मशीनवरच झोपल्या होत्या. डोकं निळ्या कापडाच्या ढिगावर, एक हात खाली लोंबलेला, तोंड जरासं उघडं. किल्ली न घेता नवरा परत येईल, इतका विश्वास बसल्यावर त्यांना आठ दिवसांची झोप एकदम आली असावी. काकांनी चप्पल दाराबाहेरच काढली. मशीनचा दिवा बंद केला, खाली लोंबलेला हात उचलून हळूच कापडावर ठेवला. काकू हलल्यासुद्धा नाहीत.

मग ते कॉम्प्युटरपाशी गेले. द्वंद्वगीतानंतरच्या मोकळ्या जागेत त्यांनी काकूंचं गाणं घातलं, पट्ट्यांच्या आवाजासकट, स्वतःच्या थँक्यूसकट, काही न कापता. त्याखाली घरी येईपर्यंतची बाकीची गाणी लावली. ट्रिप पूर्ण झाली. नीट जुळलंय की नाही ते एकदा लावून बघायला हवं होतं, पण आवाजाने ती जागी झाली असती. म्हणून काकांनी खुर्ची ओढली आणि ते तिच्या शेजारी नुसते जागे बसून राहिले.